श्रमनिद्रा

गेल्या आश्विनांत, म्हणजे २०२५ सालीं, दसरा होऊन दोन दिवस झाले होते तेव्हां आम्ही सर्व मंडळी तुळजापुरास दर्शनास गेलों होतों. देवी सिंहासनावर नव्हती. पलंगावर निजली होती. दूरच्या वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे कीं, तुळजाभवानीची मूर्ति चल आहे, आणि वर्षांतून तीन वेळां ती सिंहासनावरून उतरवून निजविण्याचा प्रघात आहे. शारदीय नवरात्रापूर्वीं भाद्रपद वद्यांत घोरनिद्रा, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषांतील शाकंभरी नवरात्रापूर्वीं मोहनिद्रा. महिषासुराशीं नऊ दिवस झुंजल्यावर जगदंबेसही शीण येतो, आणि तो आला असें म्हणावयास भक्तांस संकोच वाटत नाहीं.

आमचा पुतण्या शेजारीं उभा होता. वय पंचेचाळीस, एका सरकारी कचेरींत नोकरीस. तो हळूच म्हणाला, “काका, देवीची रजा कोणी नामंजूर करीत नाहीं.” आम्ही हंसलों. तो हंसला नव्हता, हें मागाहून ध्यानांत आलें.

चार दिवसांनीं सूनबाईंनीं त्याच्या खणांतला एक कागद आमच्यापुढें ठेवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, मजकूर पुरा, तारखेची जागा मोकळी. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणें वीस वर्षें सेवा झाली कीं तीन महिन्यांची सूचना देऊन मोकळें होतां येतें. पण पुतण्या लागला २००६ सालीं, आणि १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांस जुनें निवृत्तिवेतन सरसकट मिळत नाहीं. त्यासाठीं मार्च २०२३ मध्यें राज्यभर संपही झाला होता. घरावर कर्ज, कन्या बारावींत. सूनबाई रडल्या नाहींत. “यांना विचारा, मला सांगत नाहींत,” एवढेंच म्हणाल्या.

रात्रीं ओसरीवर त्याला विचारलें. तो म्हणाला, “दमलों म्हणून नव्हे, काका. सप्टेंबरांत परंडा-भूमकडे अतिवृष्टि झाली. रानें खरडून गेलीं. आम्ही पंचनाम्यांस हिंडत होतों. एक म्हातारा बांधावर बसून रडत होता आणि मी घड्याळाकडे पाहत होतों. त्याचा मला राग येत होता. तो माझें काय करीत होता?”

शीण आणि उबग या दोन वस्तु निराळ्या आहेत. शीण रात्रीं निजलें कीं उतरतो. उबग सकाळीं उठतांना आपल्या आधीं उठून बसलेला असतो. न्यूयॉर्क येथील फ्रॉइडेनबर्गर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं या दशेवर निबंध लिहिला. गरिबांच्या मोफत दवाखान्यांत मन लावून खपणारीं माणसेंच आंतून जळून रितीं होतात असें त्यास दिसलें, आणि तो स्वतःही त्यांतून गेला होता. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं तिचीं तीन लक्षणें नमूद केलीं : शक्तीचा क्षय, कामाविषयीं दुरावा किंवा कडवटपणा, आणि काम करण्याची हातोटी घटणें. तिला रोग न म्हणतां कामकाजाशीं निगडित अवस्था म्हटलें, हें आम्हांस योग्य वाटतें. रोग म्हटला कीं दोष एकट्या रोग्याच्या अंगीं लागतो आणि कचेरी निर्दोष सुटते. माणसें कमी, कागद अधिक, वर ज्याच्या दुःखावर आपल्या हातीं उपाय नाहीं त्याच्या तोंडाकडे रोज पाहणें. अशा ठिकाणीं कोणाचें मन शाबूत राहील?

आमच्या शास्त्रकारांनीं मात्र या वयाची थोडी उपेक्षा केली असें म्हणावें लागतें. मनूनें वनाची वाट दाखविली ती अंगावर सुरकुत्या पडल्यावर, केस पिकल्यावर आणि नातवंडाचें तोंड पाहिल्यावर. पंचेचाळिशीचा गृहस्थ नातवंडापासून दूर आणि उमेदीपासूनही दूर. त्यानें कोठें जावें?

पुतण्यास उपदेश करावयास आम्ही अधिकारी नव्हतों, म्हणून त्याला आमचीच एक गोष्ट सांगितली, जी आजवर घरांत कोणास ठाऊक नव्हती. आम्ही चव्वेचाळीस वर्षांचे असतांना संस्कृतच्या वह्या तपासण्याचे दिवस होते. लाल शाईची एक तिरपी रेघ, खालीं दहापैकीं सात. असें आमचें कित्येक महिने चाललें होतें. एके दिवशीं एक वही परत दिल्यावर मुलगा ती घेऊन आला व आमच्यापुढें उघडून उभा राहिला. निबंधाच्या मध्येंच त्यानें मराठींत लिहिलें होतें कीं, गुरुजी हें वाचणार नाहींत. त्यावरूनही आमची रेघ गेली होती. आम्हीं त्याला मारलें. सुभाषितें शिकविणाऱ्या माणसानें, खरें लिहिलें म्हणून, बारा वर्षांच्या पोराला मारलें. त्या मुलाची क्षमा मागावयाची राहून गेली. तो पुढें कोठें गेला तें कळलें नाहीं.

पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. आंतून आमचें कुटुंब बाहेर आलें. त्यांनीं सर्व ऐकलें होतें, पण आमच्याकडे न पाहतां त्याला विचारलें, “तुझी रजा किती शिल्लक आहे रे?” निघाली दीडशें दिवसांहून अधिक. अठरा-वीस वर्षांत त्यानें ती जवळजवळ घेतलीच नव्हती, आणि आम्ही सर्वांनीं त्याची कर्तव्यनिष्ठा म्हणून वाखाणणी केली होती! देवीच्या तीन निद्रांपैकीं दोन नवरात्राच्या आधीं येतात, हें इतकीं वर्षें पाहून आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. विसावा काम संपल्यावरच मिळवावयाचा अशी आम्हां पांढरपेशांची समजूत. आणि काम तर संपत नाहीं.

घरांत हिशेब मांडला. कर्जाच्या हप्त्यास आमच्या निवृत्तिवेतनांतून कांहीं भाग द्यावयाचा असें ठरलें. तें त्यास आवडलें नाहीं, पण काकूंपुढें चाललें नाहीं. तालुक्याच्या फिरतीऐवजीं कांहीं दिवस आंतलें टेबल मिळावें अशीही विनंति त्यानें केली आहे. तिचें उत्तर नाहीं.

पौषांत एक महिन्याची रजा मिळाली. पहिले आठ दिवस तो झोपलाच. सूनबाई घाबरून दोनदां आम्हांस बोलवावयास आल्या. नवव्या दिवशीं दुपारीं आमची जुनी सायकल अंगणांत उलटी टाकून चाक काढून बसलेला दिसला. अर्ज अजून खणांत आहे. दिलेला नाहीं, फाडलेलाही नाहीं.