सोळा शब्द आणि मधली रात्र

दहावीचं वर्ष लागलं की घरात पहिली कात्री चालते ती झोपेवर. मोबाइल आणि क्रिकेटचा नंबर त्यानंतर. पहाटे साडेचारला ज्या खिडकीत दिवा दिसतो तिथलं मूल अभ्यासू आणि सातपर्यंत लोळणारं उनाड, हा हिशेब सोसायटीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही म्हण सगळ्यांना पाठ, पण तिच्यातलं निजणं क्लासच्या वेळापत्रकाने केव्हाच गिळलं. क्लास सुटतो नऊला, जेवण दहाला, गृहपाठ अकराच्या पुढे. पहाटेचा गजर मात्र जागचा हलत नाही.

झोपेत गेलेला वेळ अभ्यासातून वजा झाला, हे या हिशेबातलं गृहीतक. निदान भाषेच्या अभ्यासापुरतं तरी ते चुकीचं आहे.

फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस फ्रेंच प्रौढांना स्वाहिली भाषेतले सोळा शब्द अर्थासह पाठ करायचे होते. काही जणांनी ते सकाळी पाठ केले आणि त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा गिरवले. काहींनी संध्याकाळी पाठ केले, रात्री झोपले आणि सकाळी गिरवले. दोन्हीकडे मधलं अंतर बारा तासांचं. दुसऱ्या बैठकीच्या सुरुवातीला झोपून आलेल्यांना सरासरी दहा शब्द आठवत होते, जागलेल्यांना साडेसात. फरक फार मोठा नाही. पण सगळे सोळा पुन्हा तोंडी यायला जागलेल्यांना साधारण सहा फेऱ्या लागल्या, झोपलेल्यांचं तीन फेऱ्यांत भागलं. सहा महिन्यांनी विचारलं, तेव्हाही झोपलेल्यांची बाजू बरीच वरचढ होती. म्हणजे निम्म्या घोकंपट्टीत जास्त टिकाऊ पाठांतर झालं, तेही मधे गादीवर पडून.

हे होतं कसं? दिवसभरात शिकलेलं मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरतं मुक्कामाला असतं. गाढ झोपेत त्याची उजळणी होते आणि ते हळूहळू मेंदूच्या बाह्यपटलात, जुन्या ज्ञानाच्या शेजारी, स्थिरावतं. अशा उजळणीच्या खुणा विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत टिपल्या होत्या. दिवसा ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेतत होत्या.

‘जुन्या ज्ञानाच्या शेजारी’ हे शब्द महत्त्वाचे, कारण शब्द आठवणं वेगळं आणि तो आपल्या भाषेत नांदायला लागणं वेगळं. इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाचे गॅरेथ गॅस्केल आणि त्यांचे सहकारी निकोला द्युमे यांनी हे फार चतुराईने तपासलं. त्यांनी ‘कॅथिड्रल’सारखा ऐकू येणारा ‘कॅथिड्रूक’, असे बनावट शब्द लोकांना शिकवले. चाळीत शेजारी नवं बिऱ्हाड आलं की जिन्यात जुन्या बिऱ्हाडकरूचीही थोडी अडवणूक होते, तसंच नवा शब्द डोक्यात खरोखर वस्तीला आला असेल तर जुना ओळखायला किंचित जास्त वेळ लागायला हवा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बारा तास जागं राहिल्यावर अशी अडवणूक दिसली नाही, रात्रीच्या झोपेनंतर मात्र दिसली.

आणि हे मोठ्यांपुरतंच नाही. अॅरिझोना विद्यापीठात पंधरा महिन्यांच्या बाळांना एक कृत्रिम भाषा ऐकवली गेली. नंतर डुलकी काढलेल्या बाळांनी त्या भाषेतला नियम पकडला आणि तोच नमुना मिळत्याजुळत्या, पण हुबेहूब तशाच नसलेल्या शब्दरचनांतही ओळखला. मराठी घरांत बाळ झोपलं की सगळे कुजबुजत बोलतात, ते उगाच नाही म्हणायचं.

प्रयोग लहान आहेत, माणसं मोजकी आहेत. त्यावरून दहावीच्या गुणांचं गणित मांडता येणार नाही. पण सगळे प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर धोरणाने तिकडे निदान पाहायला हवं.

महाराष्ट्राने पाहिलं, पण अर्धंच. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा काढला आणि २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला. निर्णय योग्यच होता. पण पाचवीपासून पुढच्यांचं काय? दोन सत्रांच्या शाळेत इमारत एकच असते. लहानग्यांनी रिकामं केलेलं सकाळचं सत्र कुणाच्या वाट्याला येणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच मागे सरकतं, मुलांना रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत असं सांगितलं, आणि कॅलिफोर्नियाने माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांसाठी तसा कायदाच केला. तो २०२२ पासून लागू आहे.

आपल्याकडे २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा कोणती, यावरून एप्रिल ते जून रान पेटलं आणि शासन निर्णय मागे घ्यावे लागले. वाद गरजेचा होता. पण त्या गदारोळात आधीच दोन भाषा शिकणारं मूल किती तास झोपतं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

वेळापत्रकं बदलायला बसवाले, पालक, संस्थाचालक सगळ्यांना राजी करावं लागेल, आणि त्याला वेळ लागेल. तोवर भाषेच्या शिक्षकांना एक गोष्ट उद्यापासून करता येईल. वीस शब्द दहादा लिहून आणायला सांगण्याऐवजी ते झोपण्याआधी एकदा पाहायचे आणि सकाळी पहिल्या तासाला, वही मिटून, एकमेकांना विचारायचे. लिहून आणायचं काहीच नाही म्हटल्यावर पालक तक्रार करतील, ती तेवढी ऐकून घ्यावी लागेल.