घरच्या धान्यात विषाची गोळी नको

खळे उरकले म्हणजे विकावयाचे धान्य बाजाराची वाट धरते व खावयाचे धान्य घरात येते. पहिल्याची आपण जितकी चिंता वाहतो तितकी दुसऱ्याची वाहत नाही, हे आमच्या वाचकांस कबूल करावे लागेल. भावाच्या चौकशीसाठी आपण दहा ठिकाणी जातो. परंतु वर्षभर मुलाबाळांनी ज्याची भाकर खावयाची, ते धान्य कितपत सुकले आहे हे पाहावयास कणगीजवळ घटकाभर उभे राहत नाही. मग मृगाचा पाऊस पडतो, धान्यात सोंडे व पोरकिडे दिसू लागतात, आणि कोणीतरी दुकानातून चार गोळ्या कागदात गुंडाळून आणतो. या गोळ्यांविषयी आज आम्हांस स्पष्ट लिहावयाचे आहे.

ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतील ओलाव्याशी संबंध येताच तिच्यातून फॉस्फिन नावाचा अत्यंत विषारी वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. तो हवेहून किंचित जड असून दाराच्या फटीतून व भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलीत सहज शिरतो. त्यावर नेमका उतारा वैद्यकशास्त्रास अद्याप सापडलेला नाही. धान्याच्या खोलीत किंवा तिच्या शेजारी निजलेली माणसे, विशेषतः लहान मुले, दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वारंवार येत असतात. आपल्या देशात या औषधाचा वापर सरकारी यंत्रणा व कीडनियंत्रणाचे काम करणारे जाणते व्यावसायिक यांच्यापुरताच मर्यादित केलेला आहे. इतके असूनही ते सुटे मिळते, आणि आपण ते देवघराच्या भिंतीला लागून असलेल्या कोठीत टाकतो!

यावर कोणी म्हणेल, ‘मोठमोठ्या गोदामांत हीच गोळी वापरतात, मग आम्हीच का भ्यावे?’ त्याचे उत्तर असे की, गोदामात कोणी राहत नाही. तेथे थप्पीवर वायू न सुटेल असे आच्छादन घालतात, ते ठरावीक दिवस बंद ठेवतात, नंतर वारा खेळवून वायू पुरता गेल्याची खात्री करतात, आणि हे सर्व शिकलेला मनुष्य करतो. घरच्या कणगीतून वायू गळून जातो. त्यामुळे किडीची अंडी वाचतात व चिवट किडे मागे उरून त्यांची प्रजा वाढते. म्हणजे धोका माणसास आणि फायदा किडीस, असा हा व्यवहार होय.

मग करावे काय? आमचे मत असे की, कीड लागल्यावर औषध शोधण्यापेक्षा तिला जगूच न देणारी साठवण करावी. किडीस ओलावा, ऊब व हवा हवी असते. यांपैकी ओलावा व हवा तोडणे आपल्या हाती आहे.

पहिले काम वाळविण्याचे. ज्वारी व गहू यांत १२ टक्क्यांहून अधिक ओलावा राहू नये. कडधान्ये ९ ते १० टक्क्यांपर्यंत उतरवावी. उन्हात पातळ थर पसरून दिवसातून तीन-चार वेळा हलवावा. दाणा दाताखाली धरला असता चेपता कामा नये, कट् आवाज होऊन तुटला पाहिजे. कोरड्या बाटलीत धान्य व कोरडे मीठ घालून हलवावे व थोडा वेळ थांबावे. मीठ काचेस चिकटले तर धान्य निश्चित ओले समजावे. वाळलेले धान्य गरम असताना भरू नये, रात्रभर निवू द्यावे. नाहीतर आतल्या आत घाम सुटून बुरशी धरते. कित्येक बुरशींचे विष भाकरी भाजल्यानेही जात नाही.

दुसरे काम हवा तोडण्याचे. यात नवीन काही नाही. आपल्या पेवाचे तत्त्व हेच होते. तोंड लिंपून बंद केले की आतील प्राणवायू किडे व धान्य मिळून संपवीत आणि किडे गुदमरून मरत. म्हणूनच पेव उघडल्यावर जाणती माणसे तडक आत उतरत नसत. हवा खेळू देत व दिवा सोडून पाहत. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने काढलेली पुसा कोठी ही मातीचीच, पण दोन भिंतींमध्ये पॉलिथिनचा थर असलेली आहे. आफ्रिकेत चवळी साठविण्यासाठी निघालेली तीनपदरी हवाबंद पिशवीही त्याच तत्त्वावर चालते. पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी असेल तर ती काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवा थोडी राहील, व वरचेवर उघडू नये. महिन्याच्या खर्चाचे धान्य वेगळ्या डब्यात काढावे. पिशव्या फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्या व उंदरांचा बंदोबस्त करावा.

तूर, मूग, चवळी यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या भुंग्याची मादी शेतातील शेंगांवरच अंडी घालते. म्हणजे कीड खळ्यावरूनच घरी येते. त्यासाठी ही धान्ये आधी कडक उन्हे देऊन, मग किलोस ५ मिलिलिटर, म्हणजे क्विंटलास अर्धा लिटर, एरंडेल किंवा शेंगदाण्याचे तेल चोळून ठेवावी. तुरीची वेळीच डाळ करून ठेवण्याची आपल्या घरांतील चाल शहाणपणाची आहे, कारण हा भुंगा अखंड दाण्यात जसा वाढतो तसा डाळीत वाढत नाही.

शेवटी एक गोष्ट. हे सर्व काम आपण घरातील बायकांवर सोपवून मोकळे होतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात धान्य उपसणे, पाखडणे व पुन्हा भरणे हे किती कष्टाचे आहे, याचा विचार पुरुष मंडळी क्वचितच करतात. हे कष्ट चुकविण्याचा सोपा मार्ग म्हणूनच गोळी घरात शिरली आहे. तेव्हा कर्त्या पुरुषांनी वर्षातील चार दिवस या कामास द्यावे. आपल्या संघानेही एक ओलावामापक यंत्र घेऊन ते सभासदांच्या उपयोगास ठेवावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. एकेकट्याने ते घेणे परवडण्यासारखे नाही. पण गावास एक पुरे.

कडकडीत वाळवून नीट झाकलेल्या शाळूची भाकर आषाढातही गोड लागते. ज्या कोठीवर आपली मुले विसंबून आहेत, त्या कोठीत विष ठेवून निर्धास्त झोपू नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.