मोले : चॉकलेट घातलेला तिखट रस्सा

मैत्रिणींनो, एका भगिनीने पत्रातून विचारलंय, "लेकीची मेक्सिकोची मैत्रीण आमच्याकडे जेवायला येणार आहे. तिच्या गावी, पुएब्लाला, कोंबडीच्या रश्श्यात चॉकलेट घालतात म्हणे. करावंसं वाटतं, पण धीर होत नाही. रस्सा गोड तर नाही ना होणार?"

नाही होणार, बरं का! चॉकलेट इथे मिठाई नव्हे, मसाला आहे. गोड्या मसाल्यातलं दगडफूल कधी वेगळं ओळखू येतं का? तसंच हे. त्याने किंचित कडवटपणा आणि काळसर रंग येतो, एवढंच.

या रश्श्याचं नाव 'मोले पोब्लानो', म्हणजे पुएब्लाचा मोले. लग्नकार्याला तिकडे तो हवाच. वाटण पूर्वी 'मेताते' नावाच्या दगडी पाट्यावर वाटत. मिरची, टोमॅटो, कोको तिथलेच. तीळ, दालचिनी, मिरी, लवंग स्पॅनिश लोकांमागून तिकडे गेली. आपल्याकडे मात्र मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली. तेव्हा वाटणघाटण पाहून परकं वाटायला नको.

साहित्य (6 माणसांसाठी) : ब्याडगी मिरच्या 15, टोमॅटो 3, कांदा 1, लसूण 4 पाकळ्या, तीळ, शेंगदाणे व बेदाणे प्रत्येकी 2 मोठे चमचे, बदाम 10, दालचिनी 1 इंच, लवंगा 2, मिरे 4, धने व बडीशेप अर्धा-अर्धा चमचा, मक्याची शिळी भाकरी अर्धी, बिनसाखरेची कोको पावडर 2 मोठे चमचे, साखर 1 चमचा, तेल, मीठ, उकडलेली कोंबडी आणि तिचं पाणी 4 वाट्या.

कृती : मिरच्यांचे देठ व बिया काढा. मंद तव्यावर काही सेकंदच परता. खमंग वास आला की उचला. काळ्या पडल्या तर सगळा रस्सा कडू होईल आणि त्यावर पुढे काही उपाय नाही. मग अर्धा तास गरम पाण्यात भिजवून बारीक वाटा. टोमॅटो, कांदा, लसूण तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा. तीळ, शेंगदाणे, बदाम, बेदाणे, भाकरी आणि मसाले थोड्या तेलात वेगवेगळे परता. हे सगळं एकत्र गंधासारखं वाटा.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून आधी मिरचीचं वाटण 8-10 मिनिटं परता. तेल सुटलं की दुसरं वाटण घाला, मग कोंबडीचं पाणी. मंद आचेवर पाऊण तास शिजू द्या. बूड लागू नये म्हणून ढवळत राहा. शेवटी थोड्या रश्श्यात कालवलेला कोको, साखर व मीठ घालून 10 मिनिटं उकळा. रस्सा पळीला चिकटून राहील इतका दाट हवा. कोंबडीवर ओतून वर भाजलेले तीळ भुरभुरवा.

सूचना : दुधाचं गोड चॉकलेट वापरू नका. तिकडच्या आंचो, मुलातो, पासिया या सुक्या मिरच्यांना मनुकांसारखा वास असतो. ब्याडगीला तो नाही. तेव्हा हुबेहूब पुएब्लाची चव येईल, असा हट्ट नको. पाहुणीलाच चाखायला देऊन मीठ-साखर विचारली, तर तिलाही बरं वाटेल. शाकाहारी मंडळींसाठी पाण्याऐवजी भाज्यांचा काढा घ्या आणि उकडलेले बटाटे घाला.

मोले मुरला की जास्त चविष्ट लागतो. म्हणून आदल्या दिवशीच करून ठेवा. पाहुणी घरी असताना तुम्ही चुलीपाशी नव्हे, तिच्याजवळ बसायला हव्यात!