पाट्यांपलीकडची मराठी

१ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही सीमावासीय पाट्यांवरील व परिपत्रकांतील मराठीसाठी झगडत आहोत. ते न्याय्यच आहे. परंतु निपाणीची लेक दीडशे किलोमीटरवरील धारवाडच्या मनोरुग्णालयात बंद दाराआड असते, तेव्हा तिने आपले भय कोणत्या भाषेत सांगावे? आजाराची व उपचारांची माहिती समजेल त्या भाषेत मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २२ अन्वये तिचा हक्क आहे. आमच्या किती निवेदनांत तो मागितला गेला? घरचे स्वीकारीत नाहीत एवढ्याच कारणास्तव तिला तेथे ठेवू नये, असे कलम १९ सांगते. तरीही बऱ्या झालेल्या सुनेला सासर नाकारते, माहेर टाळते. हा अन्याय कोणत्याही शासनाने लादलेला नाही. तो आमचाच आहे. मराठीचा कैवार घेणाऱ्या आम्ही आधी तिला घरी आणावे.