मराठी माणूस शोधता की आडनाव?

परदेशात शिकायला गेलेल्या मुलांना मराठी मंडळी शोधायची असतात, तेव्हा ती बहुधा भाषा ऐकत नाहीत, आडनाव वाचतात. जोशी, पाटील, गायकवाड दिसले की हाक मारतात. शेख, पठाण, सय्यद दिसले की हिंदीत बोलू लागतात. माझं भांडण या सवयीशी आहे.

आमच्या सातपूरला बाप कारखान्यात मशीनवर उभा राहतो आणि मुलगा जर्मनीला इंजिनिअरिंग शिकायला जातो, असं आता घडतं. त्यात मुस्लिम मुलंही आहेत. माझ्याकडे मराठी शिकलेला असाच एक मुलगा तिथल्या मराठी विद्यार्थ्यांच्या गटात गेला. "अरे वा, तू तर छान मराठी बोलतोस!" अशी शाबासकी मिळाली. नाशिकमध्ये जन्मलेल्या मुलाला मराठी येते यात कौतुक कसलं? मग तो उर्दूवाल्यांकडे गेला. तिथे त्याच्या दखनीला लोक हसले. फोनवर मला म्हणाला, "सर, मी नेमकं कुणात बसू?"

मराठी मंडळींना मी विचारतो, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' कोणत्या भाषेत लिहिला? 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. एवढं सगळं होऊनही मराठी बोलणारा मुसलमान नवलाचा वाटत असेल, तर उणीव त्या मुलाच्या मराठीत नाही, तुमच्या माहितीत आहे. गणेशोत्सव करा, पाडवा करा, हौसेनं करा. आमची मुलं मोदक खायलाही येतील. पण वर्षातून काही संध्याकाळी निव्वळ भाषेसाठी ठेवा. 27 फेब्रुवारी हा आमच्या नाशिकच्या कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. त्या दिवशी तरी दारात भाषेशिवाय दुसरं काही विचारू नका.

आता आपल्या लोकांशी बोलतो. "मराठी नोकरीपुरती आली म्हणजे झालं" असं म्हणणारे पालक मला दरवर्षी भेटतात. मुलाला इंग्रजी शाळेत घालतात. त्याला उर्दू लिपी वाचता येत नाही आणि मराठीचा धडा परीक्षेपुरता पाठ होतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे 75 लाख लोकांनी उर्दू मातृभाषा नोंदवली. त्यांतल्या कितींच्या घरात उर्दूचं एखादं पुस्तक आहे? मराठीचं तर दूरच. आपल्या दखनीतलं 'नक्को' आणि 'मैंच'मधला 'च' मराठीच्याच घरचे आहेत. तरी मराठी परकी वाटते! ज्याने घरी कुठल्याच भाषेवर जीव लावला नाही, त्याला परदेशात भाषाप्रेमी भेटले तरी तो त्यांच्याशी बोलणार काय?

याच्या उलट उदाहरणही आहे. 1930 च्या दशकात लंडनला शिकायला गेलेले सज्जाद जहीर, मुल्कराज आनंद, ज्योती घोष अशी मोजकी मंडळी एका चिनी हॉटेलात जमत. एक उर्दूत लिहिणारा, एक इंग्रजीत लिहिणारा पंजाबी, एक बंगाली. लिखाणाच्या ओढीने ते एकत्र आले आणि त्यांनी प्रगतिशील लेखकांचा जाहीरनामा तयार केला. 1936 मध्ये लखनौला त्या संघाची पहिली परिषद झाली, अध्यक्ष प्रेमचंद होते. सुरुवातीला ना हॉल होता, ना वर्गणी.

म्हणून बाहेर निघालेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की, कुणी बोलावण्याची वाट पाहू नका. आपल्या खोलीवर चहा ठेवा, चार जणांना बोलवा. एकाने मराठी कविता वाचावी, दुसऱ्याने उर्दू गझल. अर्थ कळला नाही तर विचारावा. येणाऱ्याचं आडनाव मात्र विचारू नका. जे आपल्याशी झालं, ते आपण दुसऱ्याशी करायचं नाही.