बोल्ट निघतो, भोक राहतं

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा सांभाळून घ्या! अमेरिकेत हरणांची शिकार करणारे झाडावर मचाण बांधतात. चढायला खोडात ड्रिलने भोकं पाडून त्यात बोल्ट सरकवतात, उतरताना एकेक काढून खिशात. बोल्ट काढला की झाडाला काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

बोल्टचं गणित मला पटतं. तो म्हणजे आपला मशीन डिझाइनचा कॅन्टिलिव्हर. 80 किलोचा माणूस खोडापासून 10 सेंटिमीटरवर उभा राहिला, तर अर्ध्या इंची बोल्टमध्ये सुमारे 400 मेगापास्कल स्ट्रेस येतो. डोक्यावर सहा रेघा असलेला ग्रेड 8 तो आरामात पेलतो, बिनरेघांचा ग्रेड 2 वाकायला लागतो. (फॉर्म्युल्यात व्यासाचा क्यूब असतो, व्हायव्हात मी नेमकी तेच विसरले!)

पण झाडाचं डिझाइन कोण तपासणार? झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालतं, आतलं दुखावलेलं लाकूड तसंच राहतं, कधी कुजतंही. आणि वीस फुटांवरच्या मचाणाला अशी पंधराएक भोकं! मिशिगनमध्ये सार्वजनिक जमिनीवर सालीखालच्या जिवंत थरात काहीही घुसवायला बंदी आहे, ती मला योग्यच वाटते. पट्ट्याने बांधायच्या शिड्या मिळतात की. वाहून न्यायला जड पडतात म्हणे. पडू देत!