बाळासाठी लंगोट की डायपर? आणि धुणार कोण?



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यासात कचऱ्याचं वर्गीकरण शिकवत होते. फळ्याच्या एका बाजूला ओला कचरा, दुसऱ्या बाजूला सुका. भाजीचे देठ, केळीची साल, जुनी वही, पाण्याची बाटली... मुलं पटापट सांगत होती. दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या नाल्याकडे नेलं आणि म्हटलं, हात कोणी लावायचा नाही, लांबूनच बघा आणि ओळखा. एका मुलाने बोट दाखवलं. बाभळीच्या खोडाला अडकलेला, पावसाचं पाणी पिऊन उशीसारखा फुगलेला डायपर. "मॅडम, हे ओल्यात का सुक्यात?"

वर्ग हसला. मीही हसले आणि घाईघाईने पुढच्या वस्तूकडे वळले.

का वळले ते सांगते. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि त्याच सकाळी तसलेच दोन डायपर मी काळ्या पिशवीत बांधून घराबाहेर ठेवून आले होते. (आपल्या भागात डायपरला सरसकट 'हगीज'च म्हणतात. कंपनी कोणतीही असो, दुकानदार हगीजच देतो. मराठी माणसाला हे नाव इतकं चटकन का पटलं, हे सांगायला नको!)

घरी आल्यावर त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ते स्पष्ट लिहिलेलं होतं. वापरलेला डायपर कंपनीने दिलेल्या पिशवीत किंवा दुसऱ्या कशात तरी नीट गुंडाळायचा आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. वर्गात हे सांगितलं तर तोच मुलगा म्हणाला, "पण मॅडम, तो तर ओला असतो ना?" बरोबर आहे त्याचं. आत मल-मूत्र, बाहेर प्लास्टिक, आणि मध्ये सोडियम पॉलीअॅक्रिलेट नावाची पावडर. ही पावडर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून जेलीसारखी होते. खतात चालत नाही, भंगारात चालत नाही. म्हणून तो नाल्यात, नाहीतर उकिरड्यावर. कुत्री तो फाडतात, मग ती जेली गावभर.

आता थोडं गणित, चौथीच्याच पातळीचं. तान्ह्या बाळाला दिवसाला आठ-दहा लागतात, मोठं झाल्यावर तीन-चार. सरासरी पाच धरा. 5 गुणिले 365 गुणिले 2 वर्षं, म्हणजे 3650 डायपर. दहा रुपयाला एक धरला तरी 36,500 रुपये. हे फक्त एका बाळाचं. तुमच्या गल्लीत किती पाळणे हलतात ते मोजा.

हे सगळं जातं कुठे? आपल्या जिल्ह्याने याचं उत्तर एकदा पाहिलेलं आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षं नारेगावला टाकला जायचा. 2018 च्या फेब्रुवारीत तिथल्या आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आता पुरे म्हणाले. शहरात चौकाचौकात ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला कचऱ्याच्या गाड्या नेल्या तर दगडफेक झाली, जाळपोळ झाली. आपल्या घरातली घाण दुसऱ्याच्या गावाशेजारी किती दिवस ठेवणार, एवढाच तो प्रश्न होता. आणि त्या ढिगात हात घालणारी माणसं वेगळीच. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या महिलांनी 2013 मध्ये वापरलेले सॅनिटरी पॅड पिशव्यांत भरून थेट कंपन्यांकडे परत पाठवले होते. तुम्ही विकलंत, आता तुम्हीच सांगा आम्ही हे हाताने कसं वेगळं करायचं! डायपर, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणाऱ्याला न उघडता कळेल, ही सूचनाही त्यांचीच. खर्च शून्य. आपल्याकडे डायपर वापरणाऱ्या प्रत्येक घराने एवढं तरी करावं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल की मॅडम आता म्हणणार, डायपर सोडा, जुनं ते सोनं, आजीचे लंगोट वापरा. मलाही आधी तसंच वाटत होतं. पण माझी एक चूक आधी कबूल करते.

बाळंतपणाच्या रजेत मी कापडीच वापरत होते. बाळंतविड्यात आलेली झबली, टोपडी, दुपटी आणि आईने जुन्या सुती साड्यांचे शिवलेले दोन डझन लंगोट. भेटायला येणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीला मी सांगायचे, "आम्ही डायपर लावत नाही हो, कापडीच." मोठ्या तोऱ्यात! धूत कोण होतं? माहेरी होते तोवर आई, सासरी आल्यावर सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, मोरीत खाली बसून उठताना भिंतीला हात लावावा लागतो. अभिमान मी मिरवत होते आणि कंबर त्यांची जात होती. आपल्याकडे म्हणतातच ना, "तुझी बाळोती धुतलीत मी." या वाक्यात उपकार आहे तसाच थकवाही आहे. तो मला तेव्हा ऐकू आला नाही. रजा संपली, शाळा सुरू झाली, सासूबाई एका सकाळी शांतपणे म्हणाल्या, "आता हगीज आण बाई." मी निमूट आणले.

म्हणून माझं मत असं आहे. लंगोट की डायपर हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न, धुणार कोण आणि पाणी कुठून आणणार. तो न विचारता कोणी "कापडीच चांगलं" असा उपदेश करत असेल, तर तो उपदेश घरातल्या एखाद्या बाईच्या कामात भर घालतो, बाकी काही नाही.

पाण्याचं बघा. दहा-बारा लंगोटांना मला साधारण तीन बादल्या लागतात, म्हणजे 45 लिटरच्या आसपास. पैठणचं धरण आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, तरी घरात पाणी साठवून वापरायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात तिथे जिच्या मांडीवर तान्हं बाळ होतं, तिला मी म्हणाले असते का, कापडीच वापर म्हणून? नसते म्हणाले. पालकसभेत मी हा विषय काढला तेव्हा एक आई उठून म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं टँकर येतो. तुम्ही या धुवायला." तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने डायपर वापरावा, गुंडाळून द्यावा, एवढंच मी म्हणू शकते.

पण ज्यांच्याकडे पाणी आहे, त्यांच्यासाठी एक आकडा सांगते. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये दोन्हीचा हिशेब मांडला होता. अडीच वर्षांत एका बाळाचे फेकायचे डायपर सुमारे 550 किलो कार्बन डायऑक्साइडचा बोजा टाकतात, आणि कापडी सुमारे 570 किलो. म्हणजे कापडी थोडे जास्तच! पण पुढे वाचलं तर खरी मेख कळते. कपडे मशीन भरल्यावरच धुतले, उघड्यावर वाळवले आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडाचा बोजा सुमारे 200 किलोने कमी होतो. विजेच्या ड्रायरमध्ये वाळवले तर वाढतो. मराठवाड्यात आपल्याकडे बाकी काही कमी असेल, ऊन कमी नाही. आणि वापरलेलं कापड धाकट्याला देणं हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको.

नाल्याच्या त्या प्रसंगानंतर आम्ही घरात बसून ठरवलं. दिवसा घरी असताना लंगोट. रात्री आणि प्रवासात डायपर. नाथषष्ठीला पैठणच्या गर्दीत मुलीला नेलं तेव्हा मी डायपरच लावला, त्याची मला लाज वाटत नाही. आणि धुणं मुलीच्या बाबांकडे. पहिला आठवडा त्यांनी नाक दाबून धुतलं. शेजारच्या काकू गच्चीवरून बघून म्हणाल्या, "अगं बाई, साहेबांना कामाला लावलं का?" सासूबाईंनीच उत्तर दिलं, "त्याचीच पोरगी आहे ना?"

करून बघायचं असेल त्यांच्यासाठी आमची पद्धत सांगते. शी झालेली असेल तर आधी ती संडासात झटकायची, पहिलं खळबळलेलं पाणीही संडासातच, उघड्या गटारात नाही. मग थंड पाण्यात भिजवायचं, गरम पाणी आधी घातलं की डाग धरतात. साबण बेताचा, कारण उरलेला साबण बाळाच्या कातडीला त्रास देतो. कपडे मऊ करणारं सुवासिक द्रव्य अजिबात नाही, त्याने कापडाची पाणी शोषायची ताकद जाते. मग कडक ऊन. बाजारात मिळणारे नव्या पद्धतीचे कापडी डायपर, बटणांचे, आत जाड पॅड असलेले, छान दिसतात. आम्ही दोन घेतले. पण ते पॅड पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि खळबळायला पाणीही जास्त खातात. एकेरी सुती फडकं घडी घालून वापरलं की दोन तासांत वाळतं. या बाबतीत आईची जुनी साडीच जिंकली.

आणखी एक गैरसमज. डायपरनेच पुरळ येतं, कापडाने येत नाही, असं ठामपणे सांगणारे खूप भेटतात. तसं नाही. ओलं कापड तासभर तसंच राहिलं तरी येतं, डायपर सहा तास बदलला नाही तरी येतं. वेळेवर बदलणं महत्त्वाचं. कापड ओलं झालं की बाळ रडून सांगतं, डायपरमध्ये ते आपल्यालाच आठवणीने बघावं लागतं, हा फरक मात्र खरा.

शिक्षक मित्रांनो, ओला-सुका कचरा शिकवताना तिसरा रकाना आखा. डायपर, पॅड, बँडेज त्यात लिहा. मुलं हसतील, हसू द्या. मग लाल ठिपक्याचं सांगा, ती घरी जाऊन आईला आणि बाबांना सांगतात. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या घरी तान्हा भाऊ आहे. आता त्यांच्याकडची पुडी लाल खडूचा ठिपका घेऊनच बाहेर येते. खडू आमच्याच फळ्याचा गेलेला आहे, हे मला माहीत आहे.

आमच्या मुलीचे लंगोट आता सुटत आले आहेत. दिवाळीनंतर धाकट्या जाऊबाईंचं बाळंतपण आहे. चांगले राहिलेले चौदा लंगोट सासूबाईंनी उन्हात घालून, घडी करून पेटीत ठेवलेत. दीर मागायला आले तेव्हा त्यांनी लगेच दिले नाहीत. आधी मोरीत नेऊन बादली पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "बस खाली. एक धुऊन दाखव."